घाट चढताना आणि उतरताना
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचा अनुभव सांगावा, अशी मंडळाची आज्ञा झाली. नाव मॅरेथॉन असले तरी अंतर अर्ध्या मॅरेथॉनचे, म्हणजे २१ किलोमीटरांहून किंचित अधिक. २०१२ साली ही शर्यत सुरू झाली.

मेटगळ्ळीहून आम्ही चौघे गेलो. पहाटे कृष्णराजसागराच्या रस्त्याने धावण्याचा आमचा परिपाठ. रविवारी चामुंडीच्या हजारभर पायऱ्या. यापुढे घाट तो काय, असा आमचा समज. पायऱ्या आम्ही धावत चढत असू आणि गप्पा मारीत, रमतगमत उतरत असू. आमची पहिली चूक ती.

जाताना बेळगाव लागले, तेव्हा फडेप्पा चौगुले यांची आठवण निघाली. बेळगावचे हे धावपटू १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले व १९वे आले. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा, आजच्याहून लांब! त्याच शर्यतीत उतरलेले सदाशिव दातार साताऱ्याचे. एकाच्या गावावरून दुसऱ्याच्या गावी आमची मोटार चालली होती, आणि आमच्या गप्पांना त्यामुळे जरा अधिकच जोर चढला होता.

शर्यत प्रथम गावातून जाते. दुतर्फा उभी असलेली माणसे ओरडत होती, "चला काका, दमू नका!" रस्त्यावर अनोळखी माणसाने मराठीतून हाक मारावी, हे आम्हांस कित्येक वर्षांत घडले नव्हते. त्या भरात आम्ही झेपेल त्याहून वेगाने धावलो. मग यवतेश्वरचा घाट लागला. पावसाची भुरभुर, कड्यावरून झिरपणारे पाणी, धुक्यातून मधूनच डोके वर काढणारा अजिंक्यतारा. माथ्यावर कासच्या दिशेने जाणारा चढउतारांचा रस्ता, आणि तेथून वळून त्याच वाटेने परत.

चढ आम्ही निभावला. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू शरीराला आवर घालतात. भार झेलीतच ते ताणले जातात व आतून बारीक फाटतात. दमछाक होत नाही, म्हणून ते कळत नाही. आमच्यातील सर्वांत वडील सोबती मूळचे साताऱ्याचेच, अठराव्या वर्षी नोकरीसाठी म्हैसूरला आलेले. एका वळणावर ते कठड्याला धरून खाली बसले. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले. त्यांना सांभाळून आणू, असा शब्द आम्ही वहिनींना निघताना दिला होता. तरीही आम्ही तिघे पुढे गेलो. घड्याळ दिसत होते, दुसरे काही कारण नव्हते.

गळ्यात पदके घालून आम्ही त्यांची वाट पाहत उभे राहिलो. बऱ्याच वेळाने ते आले, एका अनोळखी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. आम्हांस एका शब्दाने बोलले नाहीत. त्या मुलाला मात्र त्यांनी आग्रहाने चहा पाजला, आणि त्याचे घर कोणत्या पेठेत, याची चौकशी करीत बसले. परतीच्या वाटेवर, हुबळी येईपर्यंत, मोटारीत कोणी फारसे बोलले नाही. वहिनींना काय घडले ते आम्हीच सांगितले.

आता रविवारी आम्ही पायऱ्यांनी चढतो आणि गाडीरस्त्याने धावत उतरतो. पावले आखूड, गुडघे किंचित वाकलेले. सर्वांच्या पुढे ते असतात, आणि त्यांना मागे टाकावयाचे नाही, असे ठरले आहे. येत्या खेपेस मंडळातून आणखी कोणी येणार असल्यास नावे कार्यवाहांकडे द्यावीत. निघण्याची वेळ पहाटे साडेपाच.