पाणचक्कीचं पीठ



छत्रपती संभाजीनगरला आलेला पाहुणा बीबी का मकबरा बघून झाला की पाणचक्कीला जातो. भिंतीवरून हौदात कोसळणारं पाणी, त्यातले मासे, जुना वड, दोन फोटो, की झाली पाणचक्की. पण तिथल्या जात्यापाशी जरा थांबावं. शहराबाहेरच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून, काही मैल जमिनीखालून, पाणी इथवर आणलंय. ते उंचावरून पडतं, चाक फिरतं आणि वरची तळी गरगरू लागते. अठराव्या शतकात इथं बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी दळण दळलं जायचं. एका दिवसाची पंगत उठवूनही पुण्य लागलंच असतं. पण कुणीतरी पुढच्या दळणाचीही सोय करून ठेवली.

मालमत्ता धर्मकार्यासाठी कायमची राखून ठेवायची, याला वक्फ म्हणतात; त्यामागचा विचार हाच. पैगंबरांचे सहकारी हजरत उमर यांना अरबस्तानातल्या खैबरची चांगली जमीन मिळाली, तेव्हा तिचं काय करावं हे त्यांनी पैगंबरांना विचारलं. सल्ला असा मिळाला, की मूळ राखून ठेव, फळ वाटून टाक. मग ठरलं, की ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. उत्पन्न मात्र गरिबांना, नातलगांना, वाटसरूंना जाईल. सांभाळणाऱ्यानं त्यातून माफक खायला हरकत नाही. हा ‘माफक’ शब्द पुढं बऱ्याच ठिकाणी गळून पडला, ती गोष्ट वेगळी. आपल्याकडं देवस्थान इनामाच्या जमिनी ज्यांनी जवळून पाहिल्यात, त्यांना हे जास्त फोडून सांगायला नको.

जेरुसलेमच्या जुन्या शहरात सुलतान सुलेमानची बेगम हुर्रेम हिनं 1550 च्या दशकात एक अन्नछत्र वक्फ केलं. खर्चासाठी आसपासच्या गावांचा महसूल लावून दिला. सकाळी तांदळाची पेज, संध्याकाळी गव्हाची, सोबत रोटी; शुक्रवारी आणि रमजानात जरा बरं काही. त्या अन्नछत्राची परंपरा आजही चालू आहे. वक्फनाम्यात कुणाला काय वाढायचं, कुठल्या पेजेत काय घालायचं इथवर लिहून ठेवलेलं. दान देणाऱ्या बाईनं स्वयंपाकघराचा हिशोब घातला होता, म्हणून ते टिकलं असं मला वाटतं.

आता आपल्याकडं बघू. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीनं 2006 साली मांडलेला हिशोब असा: देशात सुमारे 4 लाख 90 हजार नोंदलेल्या वक्फ मालमत्ता, जमीन सुमारे 6 लाख एकर, कागदोपत्री किंमत 6,000 कोटी. आणि वर्षाचं उत्पन्न? सुमारे 163 कोटी. शेकडा पावणेतीनसुद्धा नाही. त्या काळात बचत खात्यावर बँक याहून जास्त व्याज देत होती! बाजारभावानं समितीनं किंमत धरली 1 लाख 20 हजार कोटी, आणि म्हटलं, नीट वापर झाला तर वर्षाला 12,000 कोटी मिळतील.

मग पैसा जातो कुठं? अतिक्रमणात जातो, कोर्टकचेरीत जातो. काही जागा तर सरकारी खात्यांनीच धरून ठेवल्यात, हेही त्याच अहवालात आहे. पण सगळ्यात गुपचूप जातो तो भाड्यात. एका जुन्या पेठेतल्या दुकानदारानं मला आपल्या गाळ्याची पावती दाखवली होती. महिन्याचं भाडं म्हणजे चार माणसांचा चहा. वर तो हसून म्हणाला, “वडिलांपासून हेच आहे, साहेब.” त्याच्यावर रागवायचं तरी कसं? वाढवून मागायला कुणी आलंच नव्हतं. ज्या गरिबाच्या नावे तो गाळा आहे, त्याला आपण मालक आहोत हे ठाऊकच नाही.

2025 च्या नव्या वक्फ कायद्यावरून वाद पेटला आहे. त्यावर बोलायला माझ्यापाशी वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंच्या भाषणांत ही पावती मला अजून ऐकू आलेली नाही. मालमत्ता विकायची नाही हे मान्य. पण बाजारभावाचं भाडं, दर काही वर्षांनी नवा करार, आणि मुतवल्लीचा, म्हणजे वक्फ सांभाळणाऱ्याचा, जमाखर्च दर्ग्याच्या भिंतीवर, सगळ्यांना वाचता येईल असा, एवढं करायला कुठल्या बाजूची हरकत आहे?

राज्याच्या वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय पाणचक्कीच्या आवारातच आहे. तिथून घाटी रुग्णालय जवळ. जालना, बीड, परभणीहून पेशंट घेऊन माणसं तिथं येतात. पेशंटला खाट मिळते. सोबत आलेल्या आईला रात्री पाठ टेकायला जागा आणि सकाळी गरम भाकरी लागते. शहरातल्या वक्फच्या गाळ्यांपैकी वीस-पंचवीस गाळ्यांचं खरं भाडं वसूल झालं, तर सुरुवातीला चाळीस खाटांचा मुसाफिरखाना चालवून बघता येईल. नाव शोधायचीही गरज नाही, बाबांच्या नावातच मुसाफिर आहे.