असणे आणि मिळणे : सोलापूर येथील स्वागताध्यक्षीय भाषण

जमिनीत धातू असणे वेगळे आणि तो पिकाला मिळणे वेगळे, हे सोलापूरच्या शेतकऱ्याला भुईमुगाचे पान सांगते. काळ्या जमिनीतील लोह टक्क्यांत मोजावे लागते. तरी चुनखडीच्या पट्ट्यात भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. चुनखडीने मातीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचा अंक, चढतो; तो एकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटींनी घटते. परिषदेचा विषय असलेली सूक्ष्मधातूंची जैवउपलब्धता इथे अशी बांधावर दिसते. या विषयाच्या सर्व अभ्यासकांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते.

सोलापूरची ओळख तलावापासून सुरू होते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तो खोदल्याची परंपरा आहे. तलावात मंदिर, काठावर भुईकोट किल्ला आणि मकरसंक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक व गड्ड्याची यात्रा, हे सोलापूरचे वैभव. १८७१ मध्ये अदिला नदीवरील एकरुख तलाव पूर्ण झाला. १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी निघाली. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे एका भोंग्यावर कामाला जाऊ लागली. स्वातंत्र्यलढ्यात १९३० च्या मे महिन्यात शहराने मार्शल लॉ सोसला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. या चार हुतात्म्यांना वंदन केल्याखेरीज सोलापुरात कोणत्याही शुभकार्याचा आरंभ होत नाही.

हुतात्मे शहराच्या स्मरणात आहेत. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला मात्र शहराने पुरेसा मान दिलेला नाही. हे संशोधन सोलापुरात १९३३ मध्ये सुरू झाले. मुंबई इलाख्यात त्याचा पाया घालणाऱ्यांत एन. व्ही. कानिटकर हे नाव अग्रभागी होते. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांच्यासोबत त्यांनी जातेगाव बुद्रुक या गावाचा अभ्यास केला होता. त्यांचा कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ मध्ये आला. बांध घालणे, पुन्हा पुन्हा कुळवणी करणे आणि ओळींत अंतर राखणे ही या संशोधनाची शिकवण इथल्या शिवारात रुजली. काळ्या मातीचे बारीक कण पाण्याचा काही भाग इतका घट्ट धरतात की ओल असूनही मुळांना तो ओढता येत नाही. पाण्याचे जे, तेच धातूंचे.

धातूची ही वाट ताटापर्यंत जाते. जमिनीतील उपलब्ध जस्त डीटीपीए द्रावणाने काढून मोजतात. किलोभर मातीत ते ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी भरले की कमतरता मानली जाते. तृणधान्यांची मुळे लोहाला धरून आणणारी द्रव्ये सोडतात. दाण्यातील फायटेट हे द्रव्य मात्र लोह आणि जस्त अडवून ठेवते. मटकीला मोड आणले की हे फायटेट घटते. भाकरीसोबत लिंबू घेतले की लोह अधिक शोषले जाते. जलातही असणे आणि मिळणे वेगळेच: पाण्यात तांबे मोकळ्या आयनाच्या रूपात असेल तर माशांच्या कल्ल्यांना घातक ठरते; सेंद्रिय द्रव्य त्याला बांधते आणि कॅल्शियम त्याची जागा अडवते. त्यामुळे एकाच मात्रेचा परिणाम दोन तलावांत वेगळा होतो. जमीन, जल आणि आहार यांचे अभ्यासक एका मांडवाखाली यावेत, ते यासाठीच.

व्यवस्थेत उणिवा आहेत. निवास तीन ठिकाणी विखुरलेला आहे. दुपारचे ऊन कडक आहे, पाणी जड आहे आणि भोजनाची रांग लांबण्याची शक्यता आहे. या सर्वांबद्दल समिती क्षमा मागते. पिण्याचे शुद्ध पाणी प्रत्येक मजल्यावर ठेवले आहे. वयस्कर पाहुण्यांसाठी वाहने दारात उभी आहेत.

चादर कारखानदारांनी प्रत्येक प्रतिनिधीसाठी चादर दिली, डाळिंब बागायतदारांनी फळे पाठवली आणि बचत गटांच्या भगिनींनी कडक भाकरी व शेंगाचटणी रात्र जागून केली. मांडववाले, आचारी, सफाई कामगार, वर्गणी देणारे लहान दुकानदार आणि स्थानकावर पहाटेपासून थांबलेले विद्यार्थी यांचेही ऋण मोठे आहे. सिद्ध केलेले सारे पाहुण्यांपर्यंत पोहोचावे, एवढीच समितीची काळजी आहे. परिषदेचे कामकाज आता अध्यक्षांच्या हाती सोपवण्यात येत आहे.