यंत्र नीट बसले, तर हात नीट बसतो
(नवी पेठ येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



माझे आयुष्य लेथवर गेले. तेव्हा मी लेथविषयीच चार शब्द बोलणार आहे. किर्लोस्करांच्या हरिहर येथील कारखान्याचे लेथ तुम्ही वर्कशॉपांतून पाहिले असतील. तो कारखाना १९४१ साली निघाला. त्याच घराण्यातील शंतनुराव किर्लोस्कर १९०३ साली आपल्या सोलापुरात जन्मले. म्हणजे हे यंत्र आपल्याला परके नाही.

उमेदवारीच्या काळात मी ज्या वर्कशॉपात होतो, तेथे माझा प्रत्येक जॉब निमुळता उतरे. मालक म्हणत, "तुझ्या हातात कसब नाही." घरी वालिदसाहेबही नाराज झाले. मी काम सोडण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात एका वृद्ध मिस्त्रींनी लेथच्या बेडवर लेव्हल ठेवली आणि ते हसले. दोष मुलाचा नव्हता, बेडला पीळ पडला होता. लेथ नुसत्या शहाबादी फरशीवर ठेवलेला होता.

मित्रांनो, बेड लोखंडाचा असला तरी एका पायाखाली पोकळी राहिली की तो पिळतो, आणि हत्यार सरळ रेषेत चालत नाही. आपल्या भागातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून फरशी उचलून, खाली कठीण थर लागेपर्यंत खोदून काँक्रीटचा पाया घालावा. बोल्टसाठी खड्डे सोडावेत. पाण्यावर ठेवून काँक्रीट पुरते मुरू द्यावे, घाई करू नये.

लेथ हलवताना हेडस्टॉकची बाजू जड असते हे विसरू नका. कॅरेज आणि टेलस्टॉक दुसऱ्या टोकाला सरकवून घट्ट करावेत. पहारीने उचलताना आधी लाकडी ठोकळा सरकवावा. बोटे खाली कधीही घालू नयेत. विजेची जोडणी आणि अर्थिंग शेवटी, तेही जाणकाराकडूनच.

फाउंडेशन बोल्ट सिमेंटमध्ये बसवून ते पक्के झाले की खरी लेव्हल पाहायची. येथे गवंड्याची पाणसळ चालत नाही. मीटरला ०.०२ मिलिमीटर फरक दाखवणारी लेव्हल हवी. ती बेडवर आडवी ठेवा, प्रथम हेडस्टॉकजवळ, मग टेलस्टॉककडे. उलटसुलट फिरवू नका. दोन्ही ठिकाणी बुडबुडा एकाच खुणेवर आला पाहिजे. नसेल तर पायाखाली पातळ पत्रा घाला. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा आणि दर वेळी लेव्हल पाहा, कारण बोल्टच बेडला ओढतो.

शेवटची साक्ष जॉबच देतो. जाड सळई चकमध्ये धरा, टेलस्टॉकचा आधार देऊ नका. दोन टोकांना हलका काप घेऊन मायक्रोमीटरने मोजा. मोकळे टोक जाड निघाले, तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय किंचित उचला. बारीक निघाले, तर उतरवा. महिन्याभराने आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर ही परीक्षा पुन्हा घ्या.

पालकहो, दागिने मोडून, कर्ज काढून तुम्ही मुलाला जुना लेथ घेऊन द्याल. त्यातले थोडे पैसे पायासाठी राखून ठेवा. आणि काम बिघडले तर मुलाला बोल लावण्याआधी यंत्राखाली एकदा वाकून पाहा. त्या दिवशी मिस्त्री वाकले नसते, तर आज मी तुमच्यासमोर उभा नसतो.

खुदा हाफिज.