आईला विचारू नको

(मांडवगण फराटा येथे महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मघाशी एकीनं विचारलं, “ताई, पोरं अभ्यासाला बसत नाहीत, काय करावं?” मी समाजकार्याची पदवी घेतली, बालविकासाचे पेपर दिले, पण या प्रश्नावर मला शहाणं केलं ते माझ्या मुलीनं.

ती दुसरीत होती. मी एका शिबिराचा अहवाल लिहीत बसले होते. ती उसाचं कांडं घेऊन आली. “आई, याच्यात बी कुठं असतं?” मी वर न बघता म्हटलं, “नंतर. आधी पाढे म्हण.” तिनं म्हटले. असं बरेचदा झालं असणार, कारण पुढं तिनं विचारणंच सोडलं. मला वाटलं, पोर शहाणी झाली! मग एक दिवस ती धाकट्या भावाला सांगताना ऐकलं, “आईला विचारू नको, ती पाढे म्हणायला लावते.”

पाढे म्हणजे विचारल्याची शिक्षा, हे मीच तिला शिकवलं होतं.

आणि गंमत बघा, मला तरी कुठं उत्तर येत होतं? तुम्हाला येतं. दोन डोळ्यांची टिपरी कशी तोडायची, कुठला डोळा फुटेल, कुठला मेलेला, हे इथल्या बाया हात लावून सांगतात. आणि त्याच बाया म्हणतात, “आम्हा अडाण्यांना काय येतंय, पोरांचं मास्तर बघतील.” हे मला पटत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. गरिबांची, आदिवासींची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. सरकारची योजना त्यानंतर तीस वर्षांनी, १९७५ मध्ये आली. पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. गारगोट्या, शिंपले, बिया, पानं हीच साधनं. ‘आधी गुरं सोड, मग शिक’ असं त्या मुलांना म्हणाल्या नाहीत.

आपल्याकडे दिवाळीच्या सुमाराला बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आईबाप फडात, आणि कोपीपुढं सात-आठ वर्षांची पोर कडेवर भाऊ घेऊन उभी. तिच्याकडे बघून आपण हळहळतो. पण आपल्या घरात संध्याकाळी काय असतं? मुलगा शिकवणीला, मुलगी भांड्यांना. ‘हुशार आहे हो, पण अभ्यासात जीवच नाही तिचा,’ हेही वर आपणच म्हणतो. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला, २०१० पासून लागू झाला. त्यानं शाळा दिली. संध्याकाळचा तास घरातूनच मिळायला हवा.

मी आमच्या घरी भांड्यांच्या पाळ्या लावल्या, मुलाची, नवऱ्याचीही. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवरा पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी त्याला महत्त्वाचं काम निघालं. अजूनही पाळी आठवण करून द्यावी लागते. आणि मुलांनी काही विचारलं, की येत नसेल तर “मला येत नाही, कुणाला विचारू या?” असं म्हणते. परीक्षा झाली की “किती मार्क?” हेच पहिलं तोंडात येतं, ती खोड अजून गेलेली नाही.

तुम्ही म्हणाल, ताई पगारदार आहे, तिला सुचतं. आम्ही पहाटे चारला उठतो, बसायला वेळ कुठला? खरं आहे. म्हणूनच मुलीचा तास आईच्या झोपेतून काढायचा नाही. तो बापाच्या आणि भावाच्या वेळेतून काढायचा, आणि त्यावर घरात भांडण होणार. एकटीनं ते जमत नाही, गटानं ठरवलं तर जमतं.

माझ्या मुलीनं ते कांडं शेवटी डब्यात मातीत पुरलं. डोळा फुटला तेव्हा मला हात धरून नेलं दाखवायला.

पुढच्या बैठकीला मुलींना घेऊन या, मुलांनाही. बेणं कसं निवडायचं ते त्यांना कोण दाखवणार? बोला, आत्ताच नाव लिहून घेते.