उसवलेलं शिवता आलं पाहिजे



‘कनूच्या प्रवासासाठी टिकाऊ पाठपिशवी’ असा आजचा विषय पत्रिकेत छापला आहे. मला जे ठासून सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वेळ कमी पडला तरी हरकत नाही. जी पिशवी आपल्याला आपल्या हातानं शिवता येत नाही, ती टिकाऊ नाही. कापड कितीही जाड असो, पावती कितीही मोठी असो, हमीपत्र कितीही वर्षांचं असो.

कनू म्हणजे काय, वल्हं कसं मारायचं, यात शिरत नाही. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण सह्याद्रीत सॅक पाठीवर टाकून हिंडलेले आहेत, त्यामुळे सॅक भरायची कशी हेही सांगत नाही. सरळ बाउंड्री वॉटर्समध्ये जाऊ. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून हा प्रदेश पसरला आहे. दहा लाख एकरांहून जास्त जंगल आणि त्यात हजाराहून जास्त तलाव. 1964 च्या वन्यप्रदेश कायद्यात त्याचा समावेश झाला, 1978 साली त्याच्यासाठी वेगळा कायदा आला. बहुतेक तलावांवर मोटरबोटीला मनाई आहे. एका गटात जास्तीत जास्त 9 माणसं आणि 4 नावा. खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत न्यायच्या नाहीत. मी मिनेसोटात बरीच वर्षं राहिले, आणि तिथल्या उन्हाळ्यांतला मोठा भाग या पाण्यावर गेला.

एक तलाव ओलांडला की काठाला लागायचं, सामान उतरवायचं, कनू उलटी करून खांद्यांवर घ्यायची आणि झाडीतल्या पायवाटेनं पुढच्या तलावाच्या काठापर्यंत चालायचं. याला पोर्टेज म्हणतात. या वाटेची लांबी तिथे अजून रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा. मैलाचे 320 रॉड. काही वाटा दहा-वीस रॉडांच्या असतात, काही मैलाच्याही पुढे जातात. वाटेत दगड, मुळं, चिखल, आणि जूनमध्ये डास.

आता मगाशी आत येताना एका तरुण मित्रानं दारातच मला गाठलं. म्हणाला, “माझी ट्रेकिंगची सॅक उत्तम आहे, मग वेगळी पिशवी हवीच कशाला?” (हशा) प्रश्न रास्त आहे. डोंगरातली सॅक सकाळी पाठीवर चढते आणि मुक्कामाला उतरते. पोर्टेजची पिशवी दिवसातून कितीतरी वेळा उचलली जाते, ओली होते, आपटते, कनूत कोंबली जाते आणि पुन्हा ओढून काढली जाते. दोघांचं आयुष्यच वेगळं. डोंगरातली सॅक उंच असते, तिचं टोक डोक्याच्या वर जातं. खांद्यांवर उलटी कनू असली की त्या टोकाला जागाच नाही. म्हणून पोर्टेजची पिशवी रुंद आणि बुटकी असते, अर्धं भरलेलं धान्याचं पोतं जसं बसतं तशी. कनूत ती आडवी झोपते, वजन तळाशी राहतं आणि नाव डगमगत नाही. बाहेर कप्पे नसतात, कारण फांद्या त्यात अडकतात. धातूची चौकट नसते, कारण ती कनूच्या आडव्या दांड्यांखाली अडकून बसते.

अशी पिशवी पहिल्यांदा कोणी बनवली? कॅमिल पॉरियर हा मूळचा कॅनडातला फ्रेंच, जोडे बनवणारा. मिनेसोटातल्याच डुलुथ गावात येऊन त्यानं दुकान टाकलं. 1882 साली त्याच्या पिशवीला पेटंट मिळालं. जाड सुती कॅनव्हास, चामड्याचे पट्टे, बकलं, छातीवरचा पट्टा, डोक्यावरचा पट्टा आणि छत्री अडकवायची सोय. (मोठा हशा) हसा, पण पावसाळ्याच्या गावातल्या माणसांनी तरी छत्रीला नावं ठेवू नयेत! (हशा, टाळ्या) 1911 मध्ये त्यानं हा धंदा विकला, आणि त्याच धर्तीच्या पिशव्या डुलुथमध्ये आजही शिवल्या जातात. मूळ घडण जवळजवळ तीच आहे: मोठं पाकीट, वरून झाकण, तीन पट्टे.

सव्वाशे-दीडशे वर्षं एखादी वस्तू बदलावीशी वाटत नाही, त्याचं कारण शोधायला हवं. मला ते कारण मोच्याच्या पाटाशी सापडतं. जोडे शिवणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की चामडं सहसा आधी जात नाही, टाका जातो. म्हणून त्यानं अशी वस्तू केली की जिचा प्रत्येक टाका आरीनं पुन्हा घालता येईल, प्रत्येक पट्टा काढून दुसरा लावता येईल, आणि जिथे दोऱ्यावर भरवसा नाही तिथे तांब्याचा रिव्हेट ठोकता येईल.

आमच्या एका गटातल्या मित्राची नवी कोरी पिशवी होती. नायलॉन भक्कम, रंग सुंदर. एका चिखलाच्या पोर्टेजच्या सुरुवातीलाच तिचा खांद्याचा पट्टा वरच्या शिवणीतून सुटून हातात आला. कापडावर ओरखडासुद्धा नव्हता. पट्टा नुसता काठाच्या शिवणीत सरकवून वरून एक टीप मारलेली, मागे अस्तराचा तुकडा नाही, उलटसुलट टाके नाहीत. आम्ही दाभण काढलं, मासेमारीची वळलेली दोरी ओवली, दुसऱ्या पिशवीचा फ्लॅप कापून त्याचा चौकोन मागे लावला आणि शिवला. तो पट्टा पुढचा सगळा प्रवास टिकला. मित्राला मी त्याच वेळी म्हटलं की कापडाचे डेनियर, म्हणजे धाग्याची जाडी, दुकानदार सांगतो, टाके आपण मोजायचे.

आता एक गोष्ट. दोन वाक्यांत सांगून पुढे जायचा विचार होता, पण ती नीट सांगितल्याशिवाय माझं म्हणणं उभं राहत नाही.

या तलावांवरून अठराव्या शतकाच्या अखेरीस फरचा व्यापार चालायचा. माँट्रियलहून निघालेल्या 36 फुटी नावा सुपीरिअर सरोवराच्या काठावरच्या ग्रँड पोर्टेजला यायच्या. तिथे नॉर्थ वेस्ट कंपनीचं ठाणं होतं. पिजन नदीवर धबधबे आणि खडकाळ उतार, नाव जाणं अशक्य. म्हणून साडेआठ मैलांची पायवाट. मालाचे गठ्ठे 90 पौंडांचे, म्हणजे सुमारे 41 किलो. प्रत्येक वल्हेकऱ्याच्या पाठीवर सहसा असे दोन. डोक्यावरून पट्टा, खालचा गठ्ठा पट्ट्यात, त्यावर दुसरा. या माणसांना व्हॉयाजर म्हणतात. हर्निया हा त्यांचा नेहमीचा रोग होता. त्यांच्या ताकदीच्या गोष्टी तिकडच्या लहान मुलांनाही पाठ असतात.

मला त्यांच्या ताकदीपेक्षा त्यांच्या नावेबद्दल सांगायचं आहे. ती भूर्जाच्या सालीची होती. बाहेर साल, आत सीडरच्या पातळ फळ्या आणि वाकवलेल्या फासळ्या, सगळं स्प्रूसच्या मुळांनी शिवलेलं. ही कला तिथल्या मूळ लोकांची, ओजिब्वे आणि त्यांच्या शेजारच्या जमातींची. मुळं खणणं, सोलणं, चिरून भिजवणं, त्यांनी साल शिवणं आणि शिवणीवर स्प्रूसचा डिंक भरणं ही कामं बहुतेक स्त्रिया करत. तो डिंक नुसता लावला तर थंडीत तडकतो, म्हणून त्यात चरबी आणि कोळशाची भुकटी मिसळायची. किती चरबी घालायची हे हवा बघून ठरायचं. एवढी नाजूक नाव! भरलेली असताना ती काठावर कधीच ओढायची नाही. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरायची, माल खांद्यावरून काठाला न्यायची, मग रिकामी नाव उचलायची. रात्री तीच उलटी करून तिच्याखाली झोपायचं. आणि खडकाला लागून साल फाटलीच, तर नावेत साल, मुळं आणि डिंक यांचा साठा बरोबर असायचाच. डिंक पेटत्या काडीनं मऊ करायचा, शिवण भरायची, सकाळी पुन्हा पाण्यात. त्या सालीच्या नावांवर अर्ध्या खंडाचा व्यापार चालला.

ती नाव लोखंडाहून मजबूत होती का? अजिबात नव्हती. ती टिकली, कारण जिथे ती फाटायची त्याच जंगलात ती शिवता यायची, आणि तिच्यात बसलेल्या माणसाला ती शिवता यायची. टिकाऊपणाची माझी सगळी व्याख्या मी तिथून घेतली आहे.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी) पंधरा मिनिटं उरली आहेत म्हणे. बरं. आता खरेदीचं बोलू.

कापड. कॅनव्हास की नायलॉन? कॅनव्हासच्या बाजूनं बोलते म्हणून मला नायलॉनचा शत्रू ठरवलं जातं. ते खरं नाही. कॅनव्हास जड आहे. मोठी पिशवी रिकामी असतानाच दोन-तीन किलो भरते, ओली झाली की आणखी. ओली गुंडाळून ठेवली तर बुरशी धरते आणि सुती धागा कुजतो, म्हणून घरी आल्यावर ती पूर्ण वाळवून टांगावी लागते. पण भिजलं की सुती धागा फुगतो, वीण घट्ट होते, टाक्याची भोकंही आवळतात. दाभण सहज जातं, थिगळ नीट बसतं. 1000 डेनियरचं नायलॉन हलकं आहे, कुजत नाही, घासायला चिवट आहे. त्याचा कमकुवत भाग म्हणजे आतला पॉलियुरेथेनचा थर. वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिला की तो चिकट होतो आणि सुटतो. जुन्या पावसाळी सॅकच्या आतून पांढरा भुसा झडताना इथल्या किती जणांनी पाहिला आहे? (अनेक हात वर) बघा. त्यामुळे पाणी अडवण्याचं काम पिशवीच्या कापडावर टाकूच नका. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, तोंड पिळून बांधा. ती फाटली तर दुसरी घ्या. पिशवीनं ओझं सांभाळावं, कोरडेपणा आतल्या प्लॅस्टिकनं.

सगळीकडून वेल्ड केलेल्या पीव्हीसीच्या जलरोधक पिशव्याही मिळतात. पाणी खरंच आत येत नाही. भोक पडलं तर चिकटवता येतं. पण पट्ट्याचा जोड सुटला तर तिथे सुई घातली की जलरोधकपणा गेला. ज्यांना खवळलेल्या नदीतून जायचंय त्यांनी त्या जरूर घ्याव्यात. तलावांच्या प्रदेशात मी घेणार नाही.

दुकानात काय बघायचं? पिशवी आतून बाहेर उलटा. विक्रेता कपाळाला आठ्या घालील, घालू द्या. (हशा) शिवणीच्या कडा पट्टीनं झाकलेल्या आहेत का, की धागे मोकळे लोंबतायत? टीप दुहेरी आहे का? टाके फार बारीकही नकोत, नाहीतर कापडाला भोकांची रांग पडते आणि ते तिथेच फाटतं. पट्टा लागतो तिथे मागे जाड तुकडा हवा आणि चौकोनात फुलीची शिलाई हवी. दोरा पॉलिएस्टरचा असावा, उन्हात तो नायलॉनपेक्षा जास्त टिकतो. चेन नको. वाळूचा कण गेला की रनर अडकतो, आणि रनर जंगलात बदलता येत नाही. बकलं अशी असावीत की एक तुटलं तर पट्टा न उसवता दुसरं ओवता येईल. शेवटी दोन्ही बाजूंना उचलायची मूठ आहे का ते बघा. मूठ नसेल तर माणूस खांद्याच्या पट्ट्याला धरून हिसका देतो, आणि सगळ्यात आधी तोच उसवतो.

पिंपाबद्दल कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे. निळी प्लॅस्टिकची पिंपं, 30 आणि 60 लिटरची, अन्नासाठी सोयीची आहेत. पाणी जात नाही, पोळी चुरडत नाही. अस्वलापासून मात्र ती सुरक्षित नसतात. अन्नाच्या साठवणीचे त्या-त्या जंगलाचे नियम निघण्याआधी वाचा आणि पाळा. पिंपाचा खांद्याचा साज वेगळा घ्यावा लागतो. तो घेताना पुन्हा तीच तपासणी, टाके बघा.

डोक्यावरचा पट्टा. नेपाळला गेलेल्यांनी भारवाहकांचा नामलो हा पट्टा आणि पाठीवरची डोको ही टोपली पाहिली आहे. कनूच्या मुलखात हा पट्टा कपाळाच्या जरा वर, डोक्यावर केस सुरू होतात तिथे टेकवतात. मान सरळ, अंग किंचित पुढे. हलक्या ओझ्यानं सुरुवात करा, मानेला सवय होऊ द्या. खांद्याचा पट्टा तुटला तर याच एका पट्ट्यावर पिशवी पुढच्या तलावापर्यंत जाते. तो घ्या असं मी म्हणते, त्याचं तेवढंच कारण पुरेसं आहे.

पुढच्या रांगेतून आवाज आला की पुण्याच्या माणसाला याचा काय उपयोग. दादा, प्रश्न ऐकला. आपल्या घराघरांत फाटक्या सॅक माळ्यावर पडल्या आहेत. शाळेच्या दप्तराचा पट्टा उसवला की आपण नवं दप्तर आणतो. कोपऱ्यावरच्या सॅक शिवणाऱ्याकडे चार लोकही जात नाहीत, त्याचं मशीन बंद पडलं की ती विद्या गल्लीतून जाईल. ज्या समाजात वस्तू शिवणारे हात कमी होतात, त्याला टिकाऊ वस्तू विकत घेताही येत नाही, कारण ती ओळखायची कशी हेच तो विसरतो. मिनेसोटाच्या जंगलात मला जे पटलं ते तुमच्या दप्तराला तितकंच लागू आहे. (टाळ्या)

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आहे. प्रश्न आता घेता येणार नाहीत. पण बाहेरच्या टेबलावर मी जाड कॅनव्हासचे तुकडे, जुने पट्टे, मेण लावलेला दोरा आणि दाभणं ठेवली आहेत. चौकोनात फुलीची शिलाई शिकायला दहा मिनिटं लागतात. सभागृहाची मंडळी दिवे घालवेपर्यंत मी तिथे बसते. या आणि एक पट्टा शिवून जा.