फाटकासमोरची मोटार

(जालना येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण, संक्षेपाने)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले, ते मी पाहिले. जिल्ह्यात पाण्याचा प्रश्न आहे, कापसाच्या भावाचा आहे, पोलाद कारखान्यांतील मजुरांच्या सुरक्षिततेचा आहे. असे असता कोणी कोणाच्या फाटकासमोर मोटार लावून निघून जातो, याची चर्चा आपण कशाला करावी? मलाही असेच वाटत असे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री पत्नीला दवाखान्यात न्यावयाचे होते आणि फाटकाला चिकटून कोणाची तरी मोटार उभी होती. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली म्हणून निभावले. मला संताप आला. परंतु अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने संतापापाशी थांबू नये.

कायदा नाही, ही तक्रार खरी नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम इतरांना अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभे ठेवण्यास मनाई करते. १२७ व्या कलमान्वये दहा तास बेवारस सोडलेले किंवा मनाई असलेल्या जागी लावलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकारी उचलून नेववू शकतो, आणि त्याचा खर्च मालकावर पडतो. तेव्हा चाकाची हवा सोडणे, काचेवर दगड मारणे असले पराक्रम आपल्या कार्यकर्त्यांनी करू नयेत. छायाचित्र घ्यावे, क्रमांक टिपावा, ११२ वर कळवावे. त्याने प्रत्येक वेळी काम होईलच, असे मात्र मी म्हणत नाही.

खरा प्रश्न पुढेच आहे. एक मोटार उभी राहण्यास सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांसाठी घराचे चटईक्षेत्र तीस चौरस मीटरपर्यंत धरले गेले. म्हणजे जवळजवळ अडीच मोटारींची जागा हे एका गरीब कुटुंबाचे घर! ही जमीन मोटारमालकास रात्रंदिवस फुकट मिळते. खाजगी मालमत्तेला सार्वजनिक जमिनीचे एवढे उघड अनुदान दुसरे क्वचितच असेल. पण त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही, त्यामुळे त्यावर वादही होत नाही.

आणि येथे मला स्वतःविषयी बोलले पाहिजे. माझ्या घराच्या तळमजल्यावर मोटारीसाठी जागा होती. ती बंद करून मी खोली काढली, भाड्याने दिली आणि स्वतःची मोटार अकरा वर्षे रस्त्यावर लावली. भाडे माझे, रस्ता गावाचा! त्या रात्री माझे फाटक अडविणारा इसम माझ्याहून फारसा वेगळा नव्हता. नकाशात वाहनतळ दाखवावयाचा आणि प्रत्यक्षात तेथे दुकान किंवा गोदाम काढावयाचे, ही रीत आपल्या शहरांत इतकी रुळली आहे की ती कोणाला खटकतही नाही.

आता हातगाडीवाल्याकडे पाहा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला हलविण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस दिली पाहिजे. कायद्याने मोटारीला दहा तास आणि विक्रेत्याला तीस दिवस दिले. रस्त्यावर मात्र बहुधा उलटेच दिसते. केळीची गाडी सकाळच्या सकाळी उचलली जाते आणि धूळ खात पडलेल्या मोटारीला महिनोन्‌महिने कोणी विचारीत नाही. गाडी उचलल्यावर कोणाचे घर त्या दिवशी उपाशी राहते, हे आपणास सांगावयास नको.

जपानने १९६२ साली कायदा करून मोटार ठेवण्यास स्वतःची जागा दाखविण्याची अट मालकावर घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका जनहित याचिकेच्या सुनावणीत, जागा नसेल तर एकाच कुटुंबाने अनेक मोटारी ठेवू नयेत, असे मत बोलून दाखविले. २०२५ च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी जागेच्या दाखल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी न करण्याची घोषणा केली. घोषणेचे स्वागत करावे. पण खोटे दाखले किती स्वस्त मिळतात, हे आपण जाणतोच.

जालन्याची नगरपरिषद २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. तिच्याकडे आपण मागावे ते असे: बाजारपेठेतील मोटारी लावण्याच्या जागा आखाव्यात व त्यांना भाडे लावावे, सायकलीला काही नको, मोटारीला पहिल्या तासापासून हवे. तो पैसा पदपथांवर खर्च व्हावा. झाकलेले वाहनतळ उघडावेत. कादराबादसारख्या जुन्या वस्तीतील बोळांबाबत वेगळा विचार करावा लागेल. तो तेथल्या रहिवाशांना विचारूनच करावा.

अर्जाचा मसुदा मी आणला आहे. त्यावर हातगाडीवाल्यांच्या सह्या आधी घ्याव्यात, बंगलेवाल्यांच्या नंतर. आणि आपल्यापैकी ज्यांच्या मोटारी या क्षणी बाहेर रस्त्यावर उभ्या आहेत, त्यांनी सही करण्यापूर्वी एकदा खाली जाऊन यावे. मघाशी येताना समोरच्या घराचे फाटक मला अर्धेच दिसले.