लिनक्स फोनचा दुसरा जन्म
पाइनफोन हा 2020 मध्ये बाजारात आलेला, लिनक्सवर चालणारा फोन. मागचं झाकण नखाने उघडलं की बारीक बटणांची ओळ दिसते. मोडेम, वायफाय, कॅमेरा, माइक तिथूनच बंद करता येतात. मेमरी कार्डात दुसरी प्रणाली भरून घातली की फोन तिच्यावर सुरू होतो. म्हणूनच वापरातून निघालेला असा फोन घरचा छोटा सर्व्हर होऊ शकतो. मात्र जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे झेपावतो. सतत चार्जिंगला लावलेली बॅटरी अशा उष्णतेत फुगू शकते. पाइनफोनमध्ये ती हाताने काढता येते, ही मोठीच सोय. 2017 मध्ये सुरू झालेली पोस्टमार्केटओएस प्रणाली जुन्या अँड्रॉइड फोनांनाही असंच आयुष्य देऊ पाहते. कॅमेरा, कॉल आणि बॅटरीची बचत यांवर मात्र अजून बरंच काम बाकी आहे.